मागच्या चाकातली कटकट

माझी बायको तुंगा उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून घरात मी आणि मुलगा किरणकुमार, दोघंच. बोलणं झालं की भांडण होतं, म्हणून आम्ही कमी बोलतो.

तुंगाची सायकल मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जायला वापरतो. लेडीज सायकल आहे, लोक हसतात. हसू देत. दसरा झाला आणि तिच्यातून कटकट आवाज यायला लागला. किरणनं तो ऐकला.

रविवारी सकाळी तो म्हणाला, "अप्पा, संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावलंय. सायकल देऊन टाकतो."

"कुणाला विचारून?"

"चाक मोडून लॉरीखाली जाल. मग मी काय करू?"

"नवीन सायकल घेऊन देतो म्हणशील आता."

"बस आहे, मेट्रो आहे. या वयात सायकल कशाला?"

"आवाज कशाचा ते कळल्याशिवाय सायकल हलणार नाही," मी म्हणालो.

"सरी, ठीक आहे. संध्याकाळपर्यंत शोधा."

मी सायकल उलटी ठेवून चाकं फिरवली. आवाज नाही. मडगार्ड हलवून बघितलं, ब्रेक सोडले, बेअरिंगला ग्रीस भरलं. बसून गेटपर्यंत गेलो तर पुन्हा कटकट. किरण पायरीवर बसून मजा बघत होता.

"इतकी वर्षं लेथवर घातली, आणि एक चाक कळत नाही?"

"तुला कळतं तर ये."

तो आला. मला वाटलं नव्हतं येईल.

"पेडल मारू नका, नुसते उतारावरून या," म्हणाला. मी आलो. आवाज होताच. "म्हणजे चेन नाही, पेडल नाही. उलटी केल्यावर वाजत नाही, तुम्ही बसलात की वाजते. वजन पडल्यावर काहीतरी हलतंय."

बरोबर बोलत होता. मला ते आवडलं नाही.

मग मी गल्लीत हळू सायकल चालवली आणि तो मागच्या चाकाजवळ कान नेऊन, कमरेत वाकून, बरोबर पळाला. शेजारची शिल्पाश्री गॅलरीतून ओरडली, "काय हंबीरराव अण्णा, लेकाला सायकल शिकवताय काय?"

"लेकच शिकवतोय!" किरण चिडून म्हणाला.

तो एकदम थांबला. सायकल स्टँडला लावून त्यानं एकमेकांवरून जाणारे दोन स्पोक चिमटीत दाबले. कट. पुढचे दोन दाबले. कट. जिथं स्पोक एकमेकांना घासत होते, तिथं लोखंड उघडं पडून चमकत होतं. एका ठिकाणी मळका पिवळा धागा चिकटला होता.

"आईचा दोरा," तो म्हणाला.

खंडेनवमीला तुंगा सायकलची पूजा करायची. नुसता हार घालून तिचं भागत नसे. स्पोक जिथं एकमेकांवर येतात, तिथं प्रत्येक ठिकाणी हळदीचा दोरा घट्ट बांधायची. वर्षभर तो तसाच राहायचा, झिजला की नवमीला नवा. त्या दोऱ्यानं स्पोक वाजत नव्हते. यंदा बांधलाच नाही.

"तुम्हीच म्हणालात, वर्ष होईपर्यंत सण नाही," किरण म्हणाला.

"मग? आई जाऊन सहा महिने नाहीत आणि पूजा करायची?"

"मी कुठं म्हटलं करा? मी फक्त सांगतोय, कशानं झालं."

तो वर गेला आणि कॉम्प्युटरच्या वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या घेऊन आला. काळ्या.

"हे लावायचं नाही," मी म्हणालो.

"मग दोरा बांधा."

"वर्ष व्हायचंय."

"मग भंगार."

मी पट्ट्या त्याच्या हातातून हिसकावून घेतल्या. सगळ्या मीच लावल्या, त्याला हात लावू दिला नाही. जास्तीची टोकं कापली आणि गल्लीतून फेरी मारून आलो. आवाज गेला होता.

"पुढच्या दसऱ्याला हे कापून टाकणार," मी म्हणालो.

"आणि दोरा कोण बांधणार? ती गाठ तुम्हाला येते?"

"नाही. तुला?"

"मला कशी येणार? बायको तुमची होती, तुम्ही बघून ठेवायची."

"आई तुझी होती."

भंगारवाला संध्याकाळी यायचाच होता. मी सायकल जिन्याखाली घेतली, कुलूप लावलं आणि किल्ली नेहमीच्या खिळ्याला न अडकवता खिशात ठेवली.