मुलांना विचारताना 'ना' नको

ऑफिसातल्या नव्या मुली माझ्या माघारी मला ना-बाई म्हणतात. म्हणोत बापड्या. बालसंरक्षणाच्या कामात सव्वीस वर्षं काढल्यावर माणसाला एखादं नाव पडणारच. मी त्यांना पहिल्याच दिवशी बजावते, मुलाला काही विचारताना शेवटी 'ना' लावायचा नाही. 'घरी कुणी मारत नाही ना?' म्हटलं की पोर म्हणणार, नाही. 'इथे आवडतं ना?' म्हटलं की हो. मग ते तुमचं उत्तर झालं, पोराचं कसलं? एवढं सांगून कुणी विसरलं की माझं डोकं फिरतं.

मागच्या महिन्यात मीच तोंडघशी पडले.

पंचविशीतली एक मुलगी आली. लहानपणी ती आमच्या ताब्यात होती आणि तिला स्वतःची फाइल वाचायची होती. तो तिचा हक्कच. छोट्या खोलीत मी तिच्यासमोर बसले, कारण वाचणाऱ्याला एकटं सोडायचं नसतं. फाइलमधलं अक्षर माझंच निघालं. आई वारली, बापाचा पत्ता नाही, मुली दोन, मोठी नऊ वर्षांची, धाकटी दोन वर्षांची. धाकटीला दत्तक घ्यायला एक जोडपं तयार होतं, पण दोघींना नाही. खाली मी लिहिलं होतं, 'मोठीशी बोलले. तिची संमती आहे.'

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुम्ही विचारलंत, 'छोटीला छान घर मिळतंय, चालेल ना तुला?' मी चालेल म्हटलं. नाही म्हटलं असतं तर तुम्ही रागावला असता, असं वाटलं."

तेव्हा माझ्याकडे चाळीस मुलं होती, वरून घाई होती, हे सगळं ओठांवर आलं ते गिळलं. नोकरीला दहा वर्षं झाली होती, नवशिकी होते म्हणायचीही सोय नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"ते राहू द्या मॅडम. मला तिला भेटायचंय."

धाकटी नुकतीच अठराची झाली होती, तेव्हा आता तिलाच विचारता येत होतं. रीतसर पत्र गेलं, मग फोन मीच केला. आपण दत्तक आहोत हे तिला ठाऊक होतं, बहिणीचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला एक मोठी बहीण आहे. तिला तुम्हाला भेटायची इच्छा आहे. तुम्हाला काय वाटतं?"

अगदी शिकवते तसं विचारलं. जीव मात्र नुसता तडफडत होता, भेटशील ना गं, एकदा तरी.

"नको. आत्ता तरी नको. आईला सहन होणार नाही."

मोठीला मी बोलावून घेतलं, असलं फोनवर सांगायचं नसतं. त्यातलं 'आत्ता तरी' मी दोनदा सांगितलं. तिने मान हलवली, पर्स उचलली आणि दारापाशी थांबली.

"आवाज कसा आहे हो तिचा?"

मी फाइल उघडली. धाकटीचं उत्तर मी शब्दन्‌शब्द लिहून घेतलं होतं, खाली वेळ टाकून सही केली होती. आवाज काही केल्या आठवेना.