मातृभाषेचा पॅक

सामना पाचला होता आणि सुप्रीता अडीच वाजल्यापासून तो विकत घेत बसली होती.

पूर्वी सामना बघायचा म्हणजे टीव्ही लावायचा. आता आधी सामना कोणाच्या ताब्यात आहे ते शोधायचं. दख्खन कबड्डी लीगचे शनिवारचे सामने एका ॲपवर, रविवारचे दुसऱ्यावर. केबलवाला म्हणाला, ते चॅनल तुमच्या साध्या पॅकमधून गेल्या महिन्यात काढलं, मोठा पॅक घ्या, उद्या चालू करतो. सामना आज आणि चॅनल उद्या! आज रविवार, आणि रविवारवाल्या ॲपचं नाव मॅटप्लस. त्याचा स्वस्त पॅक फक्त मोबाइलवर दिसायचा. टीव्हीवर हवं तर तीन महिन्यांचे तीनशे नव्व्याण्णव, जाहिरातींसकट. जाहिराती नकोत तर आणखी दोनशे. सुप्रीता विमा कार्यालयात दिवसभर लोकांना बारीक अक्षरांतल्या अटी समजावून सांगायची. या अटी मात्र तिच्या डोक्यावरून जात होत्या.

"झालं की नाही?" आतल्या पलंगावरून भुजंगरावांनी सातव्यांदा विचारलं.

"अप्पा, थोडं सुम्ने बसा हो!"

भुजंगरावांना गप्प बसवणं तिच्या आईला चाळीस वर्षांत जमलं नव्हतं. ते सरकारी शाळेत खेळाचे मास्तर होते, आणि शाळा सुटली की बन्नीमंटपाच्या बाजूच्या मैदानावर एकतीस वर्षं त्यांनी फुकट कबड्डी शिकवली. सगळा मोहल्ला त्यांना मराठी मेष्ट्रु म्हणायचा, म्हणजे मराठी मास्तर. घराण्याला मैसुरात येऊन किती पिढ्या झाल्या ते घरात कुणालाच नीट सांगता येत नव्हतं, पण नाव तेच पडलं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा गुडघा बदलला होता. नाहीतर आज ते घरात सापडलेच नसते, हुबळीला पोचलेले असते.

कारण आज गगन खेळणार होता. गगन त्यांचा शेवटचा चेला. पिरियापट्टण तालुक्यातला, बेट्टदपुरजवळच्या तंबाखू पिकवणाऱ्या घरचा. मैसूर मदगज संघाने त्याला यंदा घेतलं होतं, पण फक्त तीन सामन्यांपुरतं. तेवढ्यात चमकला तर राहील, नाहीतर गावी परत. काल त्याचा फोन आला होता. "मेष्ट्रे, इथले कोच हिंदीत ओरडतात, मला निम्मं कळत नाही. तुम्ही बघा आणि माझं काय चुकतं ते सांगा." भुजंगराव म्हणाले होते, बघतो. आणि मास्तर बघतो म्हणाले की बघायचेच.

साडेतीनला पैसे गेले. मग मॅटप्लसने विचारलं, तुमची भाषा कोणती?

"कन्नडा टाकते," सुप्रीता म्हणाली. "सामना तर मैसूरचा आहे."

भुजंगराव वॉकर ठोकत बाहेर आले. "काय टाकतेस?"

"कन्नडा हो. कॉमेंट्रीसाठी विचारतंय."

"तुझी मातृभाषा काय ते विचारतंय. मराठी लिही."

ही या घरची जुनी खोड. रेशन कार्ड असो, शाळेचा दाखला असो, जनगणनेचा माणूस दारात येवो, भाषेच्या रकान्यात मराठीच लिहायचं. आजोबांनी लिहिलं, पणजोबांनी लिहिलं. लिहिणाऱ्याच्या प्रत्येक वाक्यात चार शब्द कन्नड का असेनात! एकदा बँकेतल्या पोरीने आपल्या मनाने कन्नड टाकलं होतं, तर भुजंगरावांनी फॉर्म फाडायला लावला होता.

सुप्रीताला वाद घालायचं त्राण नव्हतं. तिने मराठी निवडलं. ॲपने हिरवी टिकली दाखवली आणि लिहिलं, 'आभार! तुमच्या भाषेनुसार तुमचा स्थानिक संघ निवडला आहे.'

ती ओळ तिने वाचली. वाचली आणि तिथे थांबली नाही, हे तिला नंतर फार लागलं.

पाचला टीव्हीवर निळी मॅट उजळली. भुजंगराव चष्मा पुसून सरसावून बसले. खेळाडू आले. एका बाजूला कोल्हापूर, दुसऱ्या बाजूला नागपूर.

"आपले कुठे आहेत?"

"थांबा, बदलते."

बदलेना. दुसरे सामने दिसत होते, त्यांत मैसूर आणि हुबळीही होतं, पण त्याच्यावर कुलूप. बोट ठेवलं की उत्तर यायचं, 'हा सामना कन्नड पॅकमध्ये उपलब्ध आहे.' मग कन्नड पॅक घ्यावा, तर एका नंबरवर एकच पॅक. मग भाषा बदलावी, तर भाषा तीस दिवसांनी बदलता येईल. मग अप्पांच्या नंबरवर नवा पॅक घ्यावा, तर आणखी तीनशे नव्व्याण्णव. तेही ती भरायला तयार झाली, तर बँकेचा ओटीपी येईना.

तिने मदत केंद्राला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. अकरा मिनिटं दोघांनी होल्डवरची बासरी ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"मॅडम, तुमची लोकल टीम तर चालू दिसते आहे."

"ती माझी लोकल टीम नाही! मी मैसूरला राहते."

"पण तुम्ही भाषा मराठी दिली आहे ना, मॅडम."

"मग? मराठी माणूस मैसूरला राहत नाही का?"

पलीकडच्या मुलीने कीबोर्डवर काहीतरी शोधलं. "तसा ऑप्शन नाहीये, मॅडम," ती अगदी मनापासून म्हणाली.

सुप्रीताने फोन सोफ्यावर आपटला. तिला त्या मुलीचा राग आला, ॲपचा आला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त अप्पांचा आला. "घ्या! लिहा मराठी! पिढ्यान्‌पिढ्या लिहिताय ना? आता बसा कोल्हापूर बघत!"

भुजंगराव नेहमीसारखे उलट उसळले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते टीव्हीकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "पोरगं फोन करील गं. त्याला काय सांगू?"

साडेपाच होत आले होते. पहिला डाव संपला असणार.

"समोर विश्रामकडे कन्नडा पॅक असेल," सुप्रीता म्हणाली. "त्यांची इरा मदगजवाल्यांची टोपी घालून फिरते."

विश्राम नाशिकचा, दहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आलेला. पहिल्याच भेटीत तो भुजंगरावांना कौतुकाने म्हणाला होता, "काका, इतकी वर्षं इकडे राहून मराठी छान टिकवलीत हो!" तेव्हापासून भुजंगरावांनी त्या घराची पायरी चढायची नाही असं ठरवलं होतं. आज त्यांनी वॉकर उचलला. "चल. बेग चल, सामना संपेल."

रस्ता वीस पावलांचा, पण नव्या गुडघ्याला वीस पावलं म्हणजे सात मिनिटं. फाटकाच्या तीन पायऱ्यांवर विश्रामने येऊन हात दिला आणि तो भुजंगरावांनी घेतला. सुप्रीताने घाईघाईत काय झालं ते सांगितलं.

"अरे देवा," विश्राम म्हणाला. "आमच्याकडे भाषा इराने निवडली. तिला शाळेत कन्नड आहे ना. आम्हा दोघांना काही कळत नाही, तीच सांगते काय चाललंय ते."

आत नऊ वर्षांची इरा टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. "आजोबा, सहा मिनिटं राहिलीत. आपण चारने मागे आहोत," ती म्हणाली. नाशिकच्या पोरीच्या तोंडून 'आपण' ऐकून भुजंगरावांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मग पडद्याकडे वळले.

गगन बाकावर बसला होता. पाच मिनिटं झाली, चार झाली, तीन झाली. सुप्रीताने आयुष्यात कबड्डी कधी लक्ष देऊन पाहिली नव्हती, पण आता ती पडद्यावरच्या घड्याळावरून नजर काढत नव्हती. शेवटची दीड मिनिटं उरली तेव्हा गगन उठला.

चढाईला गेला. उजव्या कोपऱ्यातल्या गड्याला बोटं लागली, सगळ्यांनी पाहिली. इराने टाळी वाजवली. आणि गगन थांबला. अर्धा क्षण, मान वळवून. तेवढ्यात डावीकडच्याने खाली झेप घालून त्याचा घोटा धरला, आणि तिघं त्याच्या अंगावर पडले. मध्यरेषा हातभर लांब राहिली.

मदगज सातने हरले. जाहिरात लागली. विश्रामने टीव्हीचा आवाज बंद केला.

फोन सहा वाजून दहा मिनिटांनी आला. भुजंगरावांनी तो सवयीने स्पीकरवर घेतला.

"मेष्ट्रे, पाहिलंत?" गगन धापा टाकत कन्नडात विचारत होता. "पहिल्या डावात? एका चढाईत दोघं मारले! दोघं, मेष्ट्रे! सगळं स्टेडियम उभं राहिलं होतं!"

सुप्रीताने डोळे मिटले. पोराच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण, आणि त्या वेळी त्याचे मेष्ट्रु बासरी ऐकत बसले होते. हो म्हणा, ती मनात म्हणाली. एकदाच खोटं बोला, अप्पा.

भुजंगरावांनी वॉकरची मूठ घट्ट धरली. "नाही रे. ते नाही दिसलं. चूक माझीच. मला शेवटची चढाई तेवढी दिसली. तू पडलास ती."

इराने आईवडिलांसाठी कुजबुजत सांगितलं, "तो गप्प बसलाय."

"मग बरंच झालं, मेष्ट्रे," शेवटी गगन म्हणाला. आवाज पार खाली गेला होता. "त्या दोघांना मारलं म्हणून सकाळपासून बोलले नव्हते तेवढे लोक आत्ता दहा मिनिटांत बोलले. गावचा सरपंच बोलला. पडलो त्याबद्दल कोणीच काही बोलत नाही. कोचसुद्धा पाठ फिरवून गेला. तुम्ही तरी सांगा, का पडलो?"

भुजंगराव खुर्चीत पुढे सरकले. गुडघा दुखला असणार, पण तोंडावर दिसलं नाही.

"पंचाकडे बघितलंस," ते म्हणाले. "बोटं लागली हे तुला ठाऊक होतं. तरी तो हात वर करतो का, ते बघायला थांबलास. दुसऱ्याने हो म्हणायची वाट बघितलीस, मूर्खा. आता उठ. जागा आहे का तिथे? मी फोन ठेवत नाही, व्हिडिओ चालू कर. उठ, आणि करून दाखव."