काकूंच्या पाइपवरचा ओरखडा

मित्रांनो, मी एक जुना पॉलिश पेपर आहे. घासून घासून दोन बोटांएवढा उरलो, पण माझी लाज काही झिजली नाही.

मिस्त्री तंबाखूचे लाकडी पाइप घडवीत आणि त्यांची बायको, आमच्या काकू, ते घासून गुळगुळीत करीत. तंबाखू वाईटच, पण लाकडाचा त्यात काय दोष? आधी खरखरीत कागद, मग मधला, शेवटी मी. मधूनमधून काकू ओले फडके फिरवीत, म्हणजे लाकडाची दबलेली लव वर येई. शेवटी पाइपची वाटी गालाला लावून म्हणत, "झालं गं बाई तुझं!" सगळ्यात मऊ म्हणून मला केवढा तोरा होता! खरखरीत कागदाकडे मी ढुंकूनही बघत नसे.

एकदा काकू फडके धुवायला आत गेल्या. गिऱ्हाईक दुपारी येणार म्हणून मिस्त्रींना घाई. मी जमिनीवर पडलो होतो. त्यांनी मला उचलले आणि न झटकताच काकूंनी घासून तयार केलेल्या पाइपवर आणखी एक हात मारला. माझ्या अंगात जमिनीवरचा बारीक खडा रुतला होता. मला कळत होते, पण मला तोंड कुठे आहे?

कोऱ्या लाकडावर असा ओरखडा दिसत नाही. रंग लावला की रंग त्या ओरखड्यात जाऊन बसतो. तसेच झाले. वाटीवर काळ्या रेघा उमटल्या.

"मधला कागद गाळलास ना? खरखरीत कागदाचे ओरखडे तसेच राहिले!" मिस्त्री कडाडले. "तीस वर्षं झाली, अजून हेच?"

"नाही हो, घासला होता मी." मग काकू आपल्याच बोटांकडे बघत पुटपुटल्या, "की राहिला असेल?"

संध्याकाळी आवरताना मिस्त्रींच्या अंगठ्याला तो खडा लागला. त्यांनी मला उजेडात धरले आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. खडा नखाने काढून त्यांनी खिडकीबाहेर उडवला आणि मला खिशात कोंबले.

तेव्हापासून काकू प्रत्येक पाइप दोनदा घासतात. गालाला लावत नाहीत. नवऱ्यापुढे धरून विचारतात, "बघा हो, काही राहिलं नाही ना?" मिस्त्री मान खाली घालून म्हणतात, "छान झालंय." तेव्हा खिशात मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मित्रांनो, कागद झटकून वापरा, हे तर कोणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. खडा तुमच्या हाताला लागला, तर तो गुपचूप फेकू नका. ज्याला बोल लावलात त्याच्या तळहातावर ठेवा आणि म्हणा, "चूक माझी होती." काकू अशा शब्दांची वाट बघत नाहीत. वाट बघण्यासारखे काही आहे, हेच त्यांना ठाऊक नाही.