बंद झाला, बंद पाडला

"पुन्हा काढलं मेल्यानं," झागोर्का म्हणाली आणि तिने कॉफीचा कप बाजूला सारला.

गॅलरीत टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधणाऱ्या स्लावोल्यूबने वळूनही पाहिले नाही. "'पाडला' काढलं?"

"काढलं. 'झाला' केलं."

"मग तू परत 'पाडला' कर. दुपारपर्यंत तो 'झाला' करेल. माझं जेवण तेवढं वेळेवर होऊ दे."

तिमोक नदीकाठच्या त्या गावात झागोर्काने सगळी नोकरी रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे काढली होती. निवृत्त झाल्यावर तिला इंटरनेटवरचा तो सगळ्यांनी मिळून लिहायचा ज्ञानकोश सापडला. तिथे ती 'फलाट' या नावाने लिहायची. गाड्या थांबायच्या बंद झालेल्या लहानसहान स्टेशनांवर तिने एकेक लेख लिहिला, आणि त्यातल्या एका शब्दावरही कधी कुणी हरकत घेतली नाही. सकाळी कॉफी, मग ज्ञानकोश, मग बाजार, असे तिचे सुखाचे चालले होते. मग ती मिलोवान द्रेनोवाचच्या पानावर आली.

द्रेनोवाच गावचा माजी नगराध्यक्ष. पुढे बेलग्रेडला जाऊन मंत्री झाला, पक्ष बदलले, थकला आणि वरच्या आळीत परत येऊन राहिला. त्याच्या पानावर झागोर्काने एकच वाक्य घातले होते: 'द्रेनोवाच यांनी गावातला पोर्सेलीनचा कारखाना बंद पाडला.' स्लावोल्यूब त्या कारखान्यात चिनी मातीची भांडी भाजायच्या भट्टीवर होता. कारखाना गेल्यावर दोन वर्षे तो घरात असा बसून होता, की झागोर्का कामावरून आली तरी त्याने दिवा लावलेला नसे. त्या दिवसांचा विषय तो आता काढत नसे. ती मात्र विसरली नव्हती.

वाक्य बदलणाऱ्याने स्वतःचे नाव 'जुना कोल्हा' ठेवले होते. दोघांची चर्चेच्या पानावर जुंपली.

'आपण बाई की बुवा ठाऊक नाही,' त्याने लिहिले, 'पण इथे ज्ञानकोश लिहायचा असतो, शिव्याशाप नाही.'

'आणि तुम्ही "आधुनिक गावाचे शिल्पकार" लिहिलंत ते काय? निवडणुकीचं पत्रक?'

'शिल्पकार काढतो. तुम्ही पाडला काढा.'

'आधी तुम्ही.'

शेवटी नोवी साद शहरातल्या, ज्ञानकोशाच्या एका व्यवस्थापकाने पानाला कुलूप लावले आणि वर पट्टी चिकटवली: या लेखाच्या तटस्थतेबद्दल वाद आहे. खाली त्याने लिहिले, 'दोघांनीही आधी पुरावा आणा, मग भांडा.'

झागोर्काला ते झोंबले. खोटारडी कुणी म्हटले नव्हते तिला कधी. दुसऱ्याच दिवशी ती गावच्या वाचनालयात गेली.

"कारखाना विकला त्या वर्षीच्या 'तिमोक समाचार'च्या अंकांची बांधणी हवी," तिने ग्रंथपाल येलिसावेताला सांगितले.

"झागा मावशी, कमाल आहे. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही, आणि आज दोघं आलात. ते बघा, त्यांच्याकडे आहे."

खिडकीपाशी एक उंच, पाठ ताठ असलेला म्हातारा बसला होता. शाळेत कसरत शिकवणारे चेदोमिर सर. तिने त्यांना ओळखले. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी दोरीवर चढवले होते. त्यांच्यासमोरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: पाडला नव्हे.

झागोर्का तशीच उभी राहिली. मग खुर्ची ओढून समोर बसली.

"कोल्हा तुम्हीच होय," ती म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिले, मग कागदाकडे, आणि त्यांचे कान लाल झाले. "फलाट? मला वाटत होतं कुणी तरणा वकील असेल. काय धारदार लिहिता, बाई."

"वकील कसली. तिकिटं फाडली जन्मभर. सरका जरा, मलाही दिसू दे."

बांधणी एकच, त्यामुळे दोघांना शेजारी बसून वाचावे लागले. कारखान्याची बातमी पहिल्या पानावर होती. विक्रीचा ठराव नगरसभेने मंजूर केला होता, खाली सही द्रेनोवाचची. कुणाचीही नोकरी जाणार नाही, असे त्याने सभेत सांगितले होते. पण त्याआधीच कारखान्याच्या तीनपैकी दोन भट्ट्या विझल्या होत्या, हेही तिथे छापले होते. पुढच्या वर्षी टाळे लावले ते नव्या मालकाने, हे तर गावाला ठाऊकच होते.

झागोर्काने ते दोनदा वाचले. भट्ट्या विझल्याचे स्लावोल्यूबने तेव्हा घरी सांगितले होते. तिने ते कधी हिशेबातच धरले नव्हते.

"सही त्याचीच आहे," ती म्हणाली.

"आहे. मी नाही म्हणत नाही."

"शब्द दिला आणि मोडला."

"तेही लिहा. छापलंय ना." सर पाने उलटू लागले. "मला दुसरंच शोधायचंय. डायलिसिसचं यंत्र. ते त्यानं आणलं. माझी बायको रुझित्सा त्या यंत्रावर नऊ वर्षं जगली, बाई. नाहीतर आठवड्यातून तीनदा लांब नीशच्या इस्पितळात न्यावं लागलं असतं तिला. टिकली नसती. त्याच्याबद्दल कुणी वाकडं लिहिलं की माझा हात आपोआप चालतो."

सरांना पान सापडले आणि ते बोट फिरवत वाचू लागले. द्रेनोवाचने मंत्रालयात खेपा घालून परवानगी मिळवली होती. इथवर ते जोरात वाचत होते. मग त्यांचा आवाज खाली आला. "यंत्राची रक्कम लोकवर्गणीतून... सर्वांत मोठा वाटा पोर्सेलीन कारखान्याच्या कामगारांचा. प्रत्येकानं एक दिवसाचा पगार..."

त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "हे मला ठाऊकच नव्हतं."

"मीही विसरले होते," झागोर्का म्हणाली. "माझा नवरा होता भट्टीवर."

त्या दुपारी समोरच्या कॅफेत बसून त्यांनी तो उतारा लिहिला. एकेका शब्दावर वाद झाला, पण आता समोरासमोर, आणि मध्ये सरांनी मागवलेली रकियाची दारू होती. 'शिल्पकार' गेला. 'बंद पाडला' गेला. तो खोडण्याआधी झागोर्काने पेन दोनदा खाली ठेवले; इतकी वर्षे जपलेला राग होता तो. मग राहिलेले वाक्य तिने परत वाचले. सही, शब्द, विझलेल्या भट्ट्या, नवा मालक, सगळे जागच्या जागी होते. तिला हलके वाटले. आठवडाभराने व्यवस्थापकाने पट्टी काढली.

घरी तिने तो उतारा स्लावोल्यूबला वाचून दाखवला.

"एक दिवसाचा पगार दिलात तुम्ही कामगारांनी. पुन्हा कधी बोलला नाहीस."

"सगळ्यांनी दिला. त्यात काय बोलायचं?" त्याने खुर्ची जवळ ओढली. "परत वाच ते. कामगारांचं."

तिने परत वाचले.

ऑगस्टमधल्या एका सकाळी दोघे नवराबायको बाजारात टरबुजांच्या गाडीपाशी उभे होते. शेजारी एक वाकलेला म्हातारा येऊन टरबुजांवर टिचक्या मारू लागला. झागोर्काने मान वळवली. द्रेनोवाच होता. महिनोन्महिने ज्याच्या एकेका क्रियापदावर ती भांडली, तो चुरगळलेला शर्ट घालून हाताच्या अंतरावर उभा होता.

"याची टरबुजं गोड असतात का हो?" त्याने विचारले. त्याने तिला ओळखायचे कारणच नव्हते.

झागोर्काने विचार केला. "मागच्या आठवड्यात नेलं ते गोड होतं. परवाचं नव्हतं."

तो हसला, त्याने एक निवडले, पण जाळीच्या पिशवीतले ते ओझे त्याला उचलवेना. स्लावोल्यूब पुढे झाला. पिशवीचा एक बंद त्याने धरला, एक म्हाताऱ्याच्या हातात राहू दिला, आणि दोघे बसथांब्याकडे निघाले. झागोर्का चार पावले मागे होती.

"कुठं होता तुम्ही कामाला?" द्रेनोवाचने विचारले.

"पोर्सेलीनमध्ये. भट्टीवर."

म्हातारा थबकला. स्लावोल्यूबही थांबला, त्याच्यासाठी. टरबूज दोघांच्या मध्ये हलत राहिले. मग द्रेनोवाचने मुठीतला बंद जरा घट्ट धरला आणि दोघे पुन्हा चालू लागले, एकमेकांच्या चालीने, सावकाश.