पेढे वाटून घेतलेला डाग

बँकेतून हर्षद परतला तो थेट कारखान्यात शिरला आणि ज्या मूर्तीचा हात कालच घासून झाला होता, तोच पुन्हा घासू लागला.

त्याच्या बायकोनं, सुरभीनं, ओळखलं. कर्ज नाकारलं.

"काय म्हणाले साहेब?"

"सिबिल खराब हाय म्हणे."

"कोणाचं?"

"माझं! मग काय या उंदरांचं?"

कोपऱ्यात वाळत ठेवलेले मातीचे उंदीर निमूट होते. पेणचा हा गणपतीचा कारखाना भाड्याच्या शेडमध्ये चालायचा आणि मालकानं आता शेड विकायला काढली होती. शिमग्याच्या आत तुम्हीच घ्या, नाहीतर रिकामी करा, असं त्याचं म्हणणं. कर्ज मिळालं तर शेड आपली. नाहीतर साचे, माती आणि अर्ध्या झालेल्या मूर्ती घेऊन जायचं कुठं?

मंडळी, अशा वेळी आपण मान खाली घालतो. सुरभीनं हात पुढे केला.

"बँकेनं दिलेला तो कागद दाखवा बघू."

हे लिहिलं कोणी?

सिबिलचा कागद म्हणजे आजवरच्या कर्जफेडीची नोंद. तिथं बाकी सगळं ठीक होतं. फक्त रोह्याच्या एका फायनान्स कंपनीकडून रंगाच्या कंप्रेसरसाठी घेतलेल्या कर्जापुढे काही उशिराचे हप्ते आणि एक शब्द होता, 'सेटल्ड'. म्हणजे पुरतं न फेडता तडजोडीनं मिटवलेलं.

आता हा शब्द तिथं कसा आला ते कळायला पेणची रीत कळली पाहिजे. अनंत चतुर्दशी झाली की बाहेरगावचे व्यापारी हिशेबाला येतात. वाटेत मूर्ती फुटलेल्या असतात, काही विकायच्या राहिलेल्या असतात. मग शेवटच्या रकमेतून थोडं सोडायचं. ती सूट. पेढा तोंडात पडला की विषय संपला. पुढच्या साली कोणी ती सूट उकरून काढली, तर त्याच्यासारखा हलकट दुसरा नाही!

कोरोनाच्या साली मूर्ती शेडमध्येच राहिल्या आणि हप्ते थकले. कंपनीतून फोन आला : एवढे भरा, बाकीचे सोडले. हर्षदला वाटलं, सूट! त्यानं पैसे भरले आणि वर रोह्याच्या ऑफिसात पेढे नेऊन दिले.

"पेढे खाऊन वर शिक्का मारला मेल्यांनी!" सासूबाई, धोंडुबाई, दारातून म्हणाल्या.

धुतात कशानं?

दुसऱ्या दिवशी विशाल आला. स्टँडजवळ त्याचं दुकान, बाहेर पाटी : सिबिल साफ करून मिळेल.

"वहिनी, आतली ओळख हाय आपली. आठ हजार द्या, महिन्याभरात धुऊन देतो."

"कसं धुता?"

"ते तुम्हाला काय करायचंय?"

"नाय, मला खरंच बघायचंय. पाणी लागतं का रॉकेल?"

"गप गो!" हर्षद ओशाळून म्हणाला आणि पैसे आणायला आत वळला. सुरभी त्याच्या मागोमाग गेली.

"अहो, ज्यांनी लिहिलं त्यांना इचारलं का आपण?"

"त्यांच्या दारात भीक मागायला जाऊ?"

"इचारणं म्हणजे भीक? मग गिऱ्हाईक मूर्तीचा भाव इचारतं, तो भिकारी काय?"

हर्षदनं काढलेले पैसे खिशात घातले. विशालला उद्या यायला सांगून दोघं रोह्याच्या गाडीत बसले. रोह्याच्या अलीकडचं निडी स्टेशन आलं तेव्हा हर्षद जागेवरून अर्धवट उठला.

"उतरून माघारी जाऊ या का?"

"उतरा. मी जाते पुढं."

तो उतरला नाही.

मग खोडतं कोण?

रोह्याच्या ऑफिसात दिशा मॅडम होत्या. वयानं सुरभीएवढ्याच.

"मॅडम, हा डाग तुम्हीच लावलात ना? मग तुम्हीच काढा," सुरभी म्हणाली.

मॅडमनी खातं उघडून पाहिलं. "लिहिलं आम्हीच. पण ताई, हा डाग नाही, घडलेली गोष्ट आहे. तुम्ही कमी भरलंत, आम्ही कमी घेतलं."

"सूट दिलीत तुम्ही!" हर्षद उसळला. "मी पेढे दिले!"

"पेढे? ते कॉम्प्युटरमध्ये कुठं भरायचे, दादा?"

सुरभीला हसू आलं. हर्षदला नाही.

"नोंद चुकीची असती तर तक्रार करताच तपासून दुरुस्त करावी लागली असती, आणि त्याला फी लागत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण खरं आहे ते मी कसं खोडू? पैसे देऊन खरं पुसता यायला लागलं, तर पोटाला चिमटा काढून वेळेवर हप्ता भरणाऱ्याच्या नावाला काय किंमत राहिली?"

"म्हणजे जन्मभर असंच?"

"असं कुठं म्हणाले? तेव्हा सोडलेली रक्कम आता भरा आणि तसा अर्ज द्या. मी वर शिफारस करते. मंजूर झालं की 'सेटल्ड' जाऊन खातं फिटल्याची नोंद येईल. उशिरा भरलेले हप्ते मात्र दिसत राहतील. ते खरे आहेत."

"हे तेव्हाच का नाय सांगितलंत?" सुरभीनं विचारलं.

"सांगायला हवं होतं. आमचं चुकलं."

"असं इचारायला किती लोक येतात हो?"

"भांडायला येतात. विचारायला... तुम्हीच."

हर्षद खिडकीबाहेर बघत होता. अचानक तो वळला.

"तडा हाय तो! मूर्तीला तडा गेला तर मी वरून रंग मारतो काय? माती भरतो, वाळवतो, मग रंग! आणि इथं मी रंगवाल्याला आठ हजार द्यायला निघालो होतो!"

विशालसाठी ठेवलेले आठ हजार त्यानं टेबलावर ठेवले. कमी पडले तेवढे सुरभीनं आपल्या भिशीतले घातले. अर्जात कोरोनाच्या सालाचं खरं कारण हर्षदनं स्वतःच्या हातानं लिहिलं.

"पावती द्या, मॅडम. आणि खातं पुरतं फिटल्याचं पत्रबी. पेढे पत्र हातात आल्यावर!"

नोंद बदलायला महिन्याहून जास्त वेळ लागला. बँकेनं कर्ज दिलं, पण मागितलं तेवढं नाही. उशिराचे हप्ते दिसतच होते. पुढची अर्धी शेड यांची झाली, मागची मालकानं यांनाच भाड्यानं दिली. विशालनं सुरभीला रस्त्यात गाठलं.

"वहिनी, कोणाकडून धुऊन घेतलंत?"

"पाणी नाय लागलं, रॉकेलबी नाय."

पुढच्या अनंत चतुर्दशीनंतर एक जुना व्यापारी हिशेबाला आला. सूट ठरली. त्यानं पेढ्याचा पुडा सोडला.

"थांबा शेठ," हर्षद म्हणाला. "सूट दिली. पण आधी दोघं मिळून लिहू, काय सोडलं आणि काय राहिलं. मग पेढा."

"माझ्यावर भरवसा नाय काय रे?"

"हाय ना. म्हणून तर तुमच्यासमोर लिहितोय!"

मंडळी, आपल्या नावापुढं काय लिहिलंय ते वर्षातून एकदा फुकट बघता येतं. बघा. चूक असेल तर हक्कानं दुरुस्त करून घ्या. खरं असेल तर पुसणाऱ्याच्या मागं न लागता, ज्यानं लिहिलं त्याच्या दारात जा आणि विचारा. विचारल्यानं माणूस लहान होत नाही. न विचारता पेढे वाटले, तर मात्र फसतो!