अर्धी फ्रेम आणि सासऱ्यांचं नाक

कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन पंधरा दिवसांच्या बोलीवर आलं होतं. आवडलं तर ठेवा, नाही तर परत. आज पंधरावा दिवस, आणि संध्याकाळी पाचला मशीनवाला टेम्पो घेऊन दारात उभा राहणार होता. तोवर सुनेला सासऱ्यांच्या पसंतीस उतरेल अशी एक, फक्त एक चष्म्याची फ्रेम कापून दाखवायची होती. नाही जमलं तर मशीन जाणार, आणि कारखान्यातली तिची खुर्चीही गेल्यातच जमा. हे तोंडानं कोणी म्हटलं नव्हतं, पण तिला ते पक्कं ठाऊक होतं.

कारखाना म्हणजे घराच्या मागच्या दोन खोल्या. एकीत सासऱ्यांचं बाक, त्यावर कानशी, बारीक करवती, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पत्र्याचे साचे. सासरे चाळीस वर्षं हातानं फ्रेमा करत आले होते. साचा प्लास्टिकच्या शीटवर ठेवायचा, कडेनं रेघ मारायची, कापायचं, घासायचं, आणि शेवटी फ्रेम स्वतःच्या नाकावर चढवून आरशात बघायचं. सरळ बसली की पास, नाही तर पुन्हा कानस. साचेसुद्धा याच पद्धतीनं तयार झालेले. त्या नाकाच्या परवानगीशिवाय आजवर एकही फ्रेम दाराबाहेर पडली नव्हती.

सून लग्नाआधी छापखान्यात कॉम्प्युटरवर लेबलं काढायची, त्यामुळे रेघा वळवण्यात तिचा हात बसलेला. पहिल्याच दिवशी तिनं हौसेनं सांगितलं, "बाबा, यात अर्धीच फ्रेम काढायची. नाकाच्या मध्यापासून कानापर्यंत. मग ती उलटवायची की दुसरी बाजू आपोआप येते."

"आपोआप येते?" सासरे म्हणाले. "मग आम्ही चाळीस वर्षं काय गवत उपटत होतो?"

त्यात तिसऱ्या दिवशी व्हायचं तेच झालं. तिनं अर्धी बाजू काढली, उलटवली, दोन्ही अर्धुकं एकमेकांना खेटून ठेवली. पडद्यावर बघणाऱ्याला वाटावं, काय सुरेख फ्रेम आहे. पण ती नुसतीच खेटलेली होती, जोडलेली नव्हती. मशीनला कापायला बंद आकार लागतो. त्यानं आपलं डोकं चालवलं, दोन्ही अर्धुकं मधोमध सरळ रेघ मारून वेगवेगळी बंद केली आणि इमानदारीत कापली. फ्रेम दोन तुकड्यांत हातात आली. सासऱ्यांनी एक तुकडा एका डोळ्याला लावला आणि विचारलं, "गिऱ्हाईक दुसरा डोळा मिटून बसेल का?" त्यानंतर ते मशीनच्या खोलीत फिरकलेच नाहीत.

आज मात्र सुनेनं घाई केली नाही. सकाळीच बसली आणि नाकावरचा भाग इतका मोठा करून घेतला की पडदाभर नुसती खाच दिसू लागली. वरची दोन टोकं निवडली, जोडली. खालची दोन निवडली, जोडली. जोडल्यावर वर एक बारीक टोक आलं, कारण रेघेला वळण देणारी तिथली पडद्यावरची दांडी किंचित तिरकी होती. ती आडवी केल्याबरोबर टोक बसलं. मग तिनं आकारात रंग ओतला. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत रंग सलग भरला, मध्ये कुठे रेघ नाही की फट नाही. तिनं खोलीत कोणी नाही असं बघून स्वतःचीच पाठ थोपटली.

बारा वाजता कापलेली, कडा घासलेली फ्रेम सासऱ्यांच्या हातात होती. त्यांनी ती बोटांनी चाचपली. कौतुक करायचं नाही असं ठरवून आलेल्या माणसाचा चेहरा जरा सैल पडला. मग फ्रेम नाकावर गेली, सासरे आरशापुढे गेले, आणि चेहरा पुन्हा आवळला.

"वाकडी आहे. डावीकडून खाली उतरतेय."

सुनेनं बघितलं. खरंच उतरत होती. उलटवलेली बाजू वाकडी येईलच कशी? तिनं पडद्यावर पुन्हा मोजलं, काही सापडेना. शेवटी तिनं आकार कागदावर छापला, मधोमध घडी घातली आणि खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही बाजू एकमेकींवर तंतोतंत बसल्या, केसाचाही फरक नव्हता.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पाठोपाठ घामही फुटला. "बाबा, फ्रेम सरळ आहे, नाक वाकडं आहे" असं सासऱ्याला तोंडावर सांगायला कुठली सून धजावेल? तिनं घडीचा कागद गुपचूप बाकावर ठेवला आणि पाणी पिण्याचं निमित्त करून दारात जाऊन उभी राहिली.

सासऱ्यांनी कागद उलगडला, पुन्हा मिटला, उजेडात धरला. मग खिळ्यावरचा सगळ्यात जुना साचा काढून कागदावर गिरवला आणि त्याचीही घडी घातली. नाकाच्या खाचेपाशी एक बाजू तांदळाच्या दाण्याएवढी खोल होती. त्यांनी दुसरा साचा गिरवला. मग तिसरा. मग ते स्टुलावर बसले. सुनेला एकदम फार वाईट वाटलं.

"अगं, जरा इकडे ये," त्यांनी आत हाक मारली. सासूबाई हात पुसत आल्या. "माझ्या नाकाकडे बघ. काय दिसतं?"

"काय दिसायचंय? डावीकडे कललंय. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे? कधीपासून?"

"लग्नात बघितलं तेव्हा कललेलंच होतं. त्याआधीचं तुमच्या आईला माहीत."

"आणि इतक्या वर्षांत मला सांगितलं नाहीस?"

"बाकीचा माणूस सरळ निघाला," सासूबाई म्हणाल्या, "मग नाकाचं काय घेऊन बसायचं?"

सासरे चाचरत म्हणाले, "म्हणजे ती गिऱ्हाइकं... चष्मा एका बाजूला झुकतो म्हणून परत यायची ती..."

"त्यांना तुम्ही काडी वाकवून द्यायचात आणि वर सांगायचात, तुमचे कान वरखाली आहेत. अख्ख्या गावाचे कान वरखाली ठरवलेत तुम्ही!"

सासऱ्यांचे खांदे हलायला लागले. आधी सुनेला वाटलं, रडताहेत. पण ते हसत होते, पोट धरून हसत होते, आणि मग ओठ दाबून उभ्या असलेल्या सुनेचाही बांध फुटला. सासूबाई तर दाराला धरून खालीच बसल्या.

हसू ओसरल्यावर सासऱ्यांनी डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "म्हणजे माझी नजर काही कामाची नव्हती म्हणायची?"

"नाही हो बाबा," सून घाईनं म्हणाली. "नजर इतकी पक्की आहे की एवढासा फरक तुम्ही दर वेळी हुडकून काढलात. कुणाला जमतं ते? मला तर मशीन असून दिसत नाही."

त्यांनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग स्टूल उचललं, मशीनच्या खोलीत नेलं आणि तिच्या खुर्चीशेजारी टेकवलं.

"माझ्या नाकाची एक काढ."

"ती अर्धी काढून उलटवता येणार नाही. दोन्ही बाजू वेगळ्या काढाव्या लागतील."

"मग काढ की. मी बसलोय."

तिनं त्यांच्या नाकाचं माप घेतलं. चाळीस वर्षं आपल्या नाकानं गावाच्या फ्रेमा मोजणारा माणूस डोळे मिटून लहान मुलासारखा निमूट बसला होता. मग ती पडद्यावर एकेक बिंदू ठेवत गेली आणि ते बोट दाखवत राहिले. "इथं फुगलंय. जरा आत घे. आणखी. हां, बस्स." ते म्हणतील तिथे वळण खरंच चुकलेलं असायचं. जेवायची वेळ टळून गेली. सासूबाई दोनदा बोलावून गेल्या आणि शेवटी ताटं तिथेच आणून ठेवली.

पाचला दारात टेम्पोचा हॉर्न वाजला. सुनेचा हात माऊसवर थबकला. मशीनवाला आत डोकावला, "काका, काय ठरलं? दोन माणसं आणलीत. मशीन उचलू ना?"

सासऱ्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"उचलता येणार नाही," ते म्हणाले. "आमच्या सूनबाई कामात आहेत. आणि जरा बाजूला उभे राहा, त्यांच्या उजेडात येताय."