दुसऱ्या साखरेची वाढपी

घरात तिला सगळे भोंगा म्हणत, कारण हळू बोलणं तिच्या कुंडलीतच नव्हतं. पण सुट्टीत आत्याच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकलं आणि काचेच्या पात्रातलं यीस्ट बघून भोंग्याचीसुद्धा वाचा बसली. ते चक्क बुडबुडे सोडत जेवत होतं!

"जेवतंय कसलं, नखरे करतंय मेलं," आत्या वैतागली. मक्याच्या वाळक्या धाटांतून ती दोन साखरा काढायची. चोथ्यातून निघायची ती पहिली, गोडमिट्ट. धाटं वाफवताना सुटलेल्या रसात असायची ती दुसरी. दोन्ही पात्रात ओतायच्या, यीस्टने खायच्या आणि इथेनॉल बनवायचं, असा बेत. पण लबाड यीस्ट पहिली फस्त करी, तोवर दमून जाई आणि दुसरीकडे ढुंकूनही बघत नसे.

"शुक्रवारी मोठे सर तपासणार. दुसरी उरली तर पाच वर्षं वाढवलेलं माझं यीस्ट मोरीत!" आत्याने पात्र जवळ ओढून घेतलं.

संध्याकाळी भोंगा आत्याच्या बबड्याला भरवत होती. पठ्ठ्याने केळं आधीच गिळलं आणि भाजी बघताच ओठ शिवून टाकले. तिने दुसरं केळं सोललं, भाजीच्या प्रत्येक चमच्यावर इवलासा तुकडा ठेवला. भाजी गडप! तिचा चमचा हवेतच थांबला.

"आत्याऽऽ! तू गोड सगळं एकदम का वाढतेस?"

"हळू गं! कुणाला?"

"यीस्टला! दुसरी साखर पात्रात ठेव, पहिली थेंब थेंब सोड. घासागणिक!"

आत्या पायात चपला सरकवत म्हणाली, "छोटा पंप आहे माझ्याकडे. चल!"

शुक्रवारी मोठ्या सरांनी यंत्राच्या पडद्यावरचा आलेख पाहिला. पहिल्या साखरेचा डोंगर सपाट. दुसरीचाही जवळजवळ भुईसपाट! इथेनॉलचा तेवढा कळस चढलेला. सरांनी चष्मा पुसला, नमुना पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा तेच.

"यीस्ट बदललंत?"

"नाही सर," आत्या ऐटीत म्हणाली, "वाढप बदललं."

"आणि वाढपी कोण?"

"मीऽऽ!"

शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. कुणाला वाटलं काच फुटली, कुणाला वाटलं आग लागली. आत्या मात्र पात्राला दोन्ही हातांनी कवटाळून हसत होती. "आग नाही हो," ती म्हणाली, "आमचा भोंगा वाजलाय. वाजू दे!"